बिनखड्याची साळुंकी

त्या मुलखात पाणी एकाच तळ्यात होतं, आणि राहणारे सगळे तळ्यापासून लांब राहत. मध्ये माळ. माळावर ना झाड ना आडोसा. जनावर एकदा पाण्यासाठी निघालं की तळं गाठायचं, पोटभर प्यायचं आणि त्या पाण्याच्या बळावर परतायचं. तळं कोरडं निघालं तर परत येण्याइतका दम कुणाच्या पायांत उरत नसे. म्हणून आधी विचारावं आणि मग निघावं, ही तिथली पहिली रीत.

विचारायचं कुणाला, तर साळुंक्यांना. तळ्याकाठच्या कपारीत रोज एका घरट्यातली तीन अंडी फुटत. तिथल्या साळुंकीची जात अशी, की डोळे उघडताना जे दिसेल किंवा कानावर पडेल, तेच ती जन्मभर बोलणार. पाणी कुठवर होतं, कोण प्यायला आलं होतं, आणि फार तर ‘मी आजचीच ना?’, बस्स. दुसरं काही शिकवायला जावं तर पालथ्या घड्यावर पाणी. तिघी बहिणी एकच दिवस पाहत, म्हणून तिघींचं बोलणं शब्दाला शब्द सारखं असे. बगळे त्यांना उचलून आणत आणि तीन टेकड्यांवरच्या तीन झाडांवर एकेक बसवत. मधली टेकडी, उगवतीची टेकडी आणि घळीच्या पलीकडची ती पल्याडची. एखाद्या झाडाला वणवा लागला, एखादीला ससाण्याने उचललं, तरी तो दिवस बुडत नसे. दोन टेकड्या जे बोलतील ते खरं धरायचं.

नवी साळुंकी शेंड्यावर बसे आणि तिच्या आधीच्या एकेक पाऊल खाली सरकत. शेंडा म्हणजे आज, बुंध्याजवळचं सगळं जुनं. विचारणाऱ्याने शेंड्याचं ऐकावं आणि चालू लागावं. साळुंक्यांना मात्र यातलं काही ठाऊक नसे. त्यांना एकच दिवस माहीत, त्यामुळे अगदी खालच्या फांदीवरच्या झडल्या पिसांच्या म्हातारीलाही वाटे, आपणच आजच्या.

आता रोज एक पाखरू वाढणार म्हटल्यावर झाड ते किती पेलणार? फार पूर्वी एकदा पल्याडचं झाड भाराने उभं चिरलं होतं. वर त्या हजार तोंडांच्या कलकलाटात शेंडा काय बोलतो ते ऐकू येईना, आणि एक अख्खा कळप चुकीचं ऐकून माळावर गेला. तेव्हापासून खडा आला. प्रत्येक हंगामाच्या साळुंक्या एका फांदीवर. त्या फांदीचे दिवस भरले की एकेकीच्या गळ्यात पांढरा खडा बसवायचा. खडा बसला की श्वास चालतो, दाणा उतरतो, आवाज तेवढा बंद. पण लगेच मारायचं नाही. आधी तिन्ही टेकड्यांवर खडे पोचले पाहिजेत. पांगारा फुलला की खडे बसवायला घ्यायचे आणि त्याच्या पाकळ्या गळून जाईपर्यंत थांबायचं, एवढी सवड पुरे. मग कोतवाल येऊन सांगणार, पोचले. त्याच्या शब्दावर बुंध्यातल्या वाळवीला त्या फांदीची वाट मोकळी करायची. वाळवी फांदी खाई, पाखरं खाई, खडेही खाई. नंतर तिथे कुणी होतं याची खूणही उरत नसे.

हे खडे बसवणारा कोतवाल म्हणजे हैबती. काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा, बोलायला तिखट. कोतवाल पाखरांच्या सात पिढ्यांनी हेच काम केलेलं. त्याचा हात इतका बसला होता, की साळुंकीने चोच उघडली की खडा आत, पुढची. आणि साळुंक्या चोच उघडत हो! कुणी पाखरू चोचीत काहीतरी घेऊन समोर आलं की तो घासच असणार, अशी त्यांची भाबडी समजूत. पिलूपणापासूनची खोड, मरेपर्यंत जात नसे. हैबतीला त्याचं काही वाटत नसे. रडत बसलं तर फांद्या कोण मोकळ्या करणार? तुमचा काका?

तरी एकीने त्याला गाठलंच. तिच्या जन्माच्या दिवशी तळं असं भरलं होतं, की तसं कुणी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. ती बोलायची, "तळं काठावरून वाहतंय! हरणं पितायत, म्हशी डुंबतायत, पाडसं पाण्यात नाचतायत, या रे, सगळे या!" बोलणं सगळ्या साळुंक्यांचं असे, पण हिच्या आवाजाला ओल होती. लोकांनी तिचं नाव ठेवलं तुडुंबी. ती शेंड्यावरून खाली सरकली, मधल्या फांद्यांवर आली, तरी उन्हाळ्यात जनावरं नुसती तिला ऐकायला झाडाखाली येऊन बसत. पाणी मिळत नसे, पण घसा जरा ओला वाटे.

हैबती तर रोज जाई. पल्याडच्या टेकडीवरच्या तुडुंबीशेजारी बसून डोळे मिटून ऐके. त्याला ना घरटं ना पिल्लू. ती बोलून झाली की मान तिरकी करून विचारी, "मी आजचीच ना रे, कोतवाल?"

"आजचीच गं बाई. तुझ्याशिवाय कोण?"

असं करता करता तिच्या फांदीचे दिवस भरले. पांगारा लाल झाला आणि हैबती खडे घेऊन निघाला.

मधल्या टेकडीवर त्याने फांदीच्या टोकापासून सुरुवात केली. तिथल्या तुडुंबीने चोच उघडली, याने खडा बसवला. उगवतीच्या टेकडीवरच्या तुडुंबीला बसवला. तोच आवाज, तीच ओल, पण तो अडखळला नाही, कारण मनात आपली ती वेगळी. पल्याडला आला तेव्हा बाकी साऱ्या फांदीला खडे बसवून झाले आणि चोचीत एकच उरला. तुडुंबीने त्याला पाहून आनंदाने पंख फडफडवले आणि आऽ करून चोच उघडली.

हैबतीने चोच मागे घेतली. मग त्याने तो शेवटचा खडा घळीत टाकून दिला.

फांदीवर एकही बिनखड्याची असली तर वाळवी फांदीला तोंड लावत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून त्याने तुडुंबीला उचललं आणि चार फांद्या वर, दाट पानांच्या बेचक्यात, कोवळ्या साळुंक्यांच्या मागे नेऊन लपवलं. "इथे बस. जरा हळू बोलत जा." ती म्हणाली, "मी आजचीच ना?" तो म्हणाला, "आजचीच."

पाकळ्या गळाल्यावर तो मधल्या टेकडीवर थोरल्या करकोच्यापुढे उभा राहिला. थोरला एका पायावर उभा राहून मुलखाची रीत सांभाळी. दुसरा पाय त्याने कधी टेकलेला कुणी पाहिला नव्हता, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

"पोचले?"

"पोचले," हैबती म्हणाला. मग राहवेना म्हणून त्याने विचारलं, "थोरले, समजा एखादा नाही पोचला, तर?"

करकोच्याने मान वळवली. "तर तो पोचला म्हणून सांगणाऱ्याच्या गळ्यात बसवायचा. का रे?"

"काही नाही. सहज आपलं."

वाळवीला वाट दिली गेली. तिन्ही झाडांवरची ती फांदी कुरतडण्याच्या आवाजाने भरली आणि रिकामी झाली. उगवतीच्या टेकडीवरची तुडुंबी शेवटी कशी दिसत होती ते हैबतीने पाहिलं नाही, त्या दिवशी तो मुद्दाम पल्याडला बसला होता. आपण चोरी केली असं त्याला वाटलंच नाही. एवढ्या मोठ्या झाडात एक पाखरू जास्त, त्याने काय आभाळ कोसळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण साळुंकी कुठे हळू बोलते?

त्या वर्षी पाऊस पाठ फिरवून गेला. तळं आटत आटत गेलं, अंडी घालायला तिथे पाखरू राहीना. बगळ्यांनी शेवटची दोन अंडी उचलून आणली, पण ती फुटण्याआधीच तळ्याचा काठ ओस पडला. तिन्ही झाडांच्या शेंड्यांवर नवं पाखरू येईना. शेवटची साळुंकी बोलत होती, "पाणी खुरापुरतं, एक कोल्हा प्यायला." त्यानंतर काहीच नाही. अशा वेळी रीत होती मिळवणीची. तिन्ही झाडं फांदी फांदीने बोलवायची, एकमेकांशी ताडायची, कुठे कोण राहिलं, कोण हरवलं ते पाहायचं.

मिळवणीत सगळं जुळत गेलं, आणि पल्याडच्या झाडातून आवाज आला, "तळं काठावरून वाहतंय! या रे, सगळे या!"

बाकी दोन झाडं गप्प. हा दिवस त्यांच्याकडे नव्हताच.

थोरल्या करकोच्याने विचारलं, "गळ्यात खडा आहे?"

बगळ्यांनी पाहिलं. "नाही."

"दुसऱ्या दोन झाडांवर कुठे तिच्या बहिणी, गळ्यात खडा बसलेल्या?"

"नाही, थोरले. एकही नाही."

आणि रीत स्वच्छ होती. जिच्या गळ्यात खडा नाही ती गेलेली नाही. जी गेलेली नाही ती असायलाच हवी. दोन झाडांवर नाही, याचा अर्थ ती दोन झाडांकडून हरवली, आणि हरवलेली पुन्हा भरून द्यायची. हैबती तिथेच बसला होता. खडे वाळवीने खाल्ले, पाखरं खाल्ली, हे त्याच्या अगदी चोचीच्या टोकाशी आलं होतं. पण थोरल्याचं ते बोलणं आठवलं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, खोटं कशाला बोलायचं, त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. एक वाचवली होती, आता तीन होणार!

ती शेवटची दोन अंडी पल्याडच्या झाडाच्या ढोलीत अंधारात ठेवली. फुटताना तुडुंबीला शेजारी बसवलं आणि पिल्लांच्या मिटल्या डोळ्यांवर तिचं बोलणं ओतलं. दोन्ही तेच बोलू लागली. नव्या साळुंकीची जागा शेंड्यावर, म्हणून एक मधल्या टेकडीच्या शेंड्यावर गेली, एक उगवतीच्या. आणि तिघी एकाच जागी हव्यात, म्हणून जुन्या तुडुंबीलाही बेचक्यातून उचलून पल्याडच्या शेंड्यावर बसवलं. उन्हाने करपलेल्या त्या मुलखात तिन्ही टेकड्यांवरून एकदम साद उठली, "तळं काठावरून वाहतंय!"

लोक रडले आनंदाने. कुणी म्हणालं, रात्रीत वर कुठेतरी पाऊस झाला असेल. कुणी म्हणालं, तुडुंबीच्या दिवसासारखाच दिवस पुन्हा आला, आम्हाला वाटलंच होतं. एक पाऊल खाली सरकलेली ती "खुरापुरतं" म्हणणारी अजून बोलत होती, पण खाली सरकलेलीचं कोण ऐकतं?

मधल्या टेकडीवरचा म्हशींचा कळप पहिला निघाला. कळपाची म्होरकी होती एक म्हातारी रानम्हैस, तिला सगळे आक्का म्हणत. हैबती तिच्या पाठीवर बसून गोमाश्या खात मोठा झाला होता. निघताना तिने शिंग हलवून त्याला जवळ बोलावलं.

"हैबती, तू तिकडे उडत असतोस. खरंच आहे का रे पाणी? रेडकं आहेत सोबत. एक तर अजून नीट चालतही नाही."

हैबतीने मनाशी हिशेब केला. नाही म्हणावं, तर कशावरून म्हणतोस विचारतील. मग तुडुंबीच्या गळ्यात खडा, आणि आपल्याही.

"शेंडा काय बोलतोय ते ऐक, आक्का," तो म्हणाला. "मी काय शेंड्याहून शहाणा?"

"तेही खरंच," म्हणत आक्का माळाला लागली.

तो मागोमाग उडाला. वाटेत दोनदा तिच्या पाठीवर बसला, दोनदा सांगायला चोच उघडली, आणि माशी टिपून मिटली. अजून थोडं पुढे गेल्यावर सांगू, असं म्हणता म्हणता माळाची ती जागा आली जिथून मागे फिरणं जमत नाही, आणि मग सांगून तरी काय उपयोग, असं त्याने स्वतःला समजावलं.

तळ्यात चिखल होता. वर पापुद्रा, खाली ओढून घेणारा काळा गाळ. पुढच्या म्हशींना ओलाव्याचा वास आला आणि त्या धावल्या. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं. रेडकं सगळ्यांत आधी रुतली, कारण ती सगळ्यांत पुढे धावली होती. आक्का त्यांना काढायला उतरली आणि छातीपर्यंत गेली. हैबती तिच्या शिंगावर बसला होता.

"हैबती," ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं का रे?"

तो सरकून शिंगाच्या टोकाला बसला. तिचं अंग गार पडत गेलं.

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही," ती म्हणाली, "पण रेडकांना तरी सांगायचंस." सूर्य चढला, उतरला, आणि चिखलातून येणारे आवाज एकेक करत थांबले.

काठावरच्या कपारीत एक अंडं राहून गेलं होतं. बगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं. ते दुसऱ्या सकाळी फुटलं. ओल्या पिसांच्या पिल्लाने डोळे उघडले, समोर पाहिलं आणि बारीक, स्वच्छ आवाजात म्हणालं, "पाणी नाही. चिखलात शिंगं आहेत. कुणी येऊ नका."

हैबतीच्या जिवात जीव आला. आपल्याला जे सांगता येत नव्हतं ते हे पिल्लू सांगेल! आपलं नाव यायचं कारण नाही. शेंडा बोलेल, मुलूख ऐकेल, उरलेले कळप वाचतील. आणि तुडुंबी एक जागा खाली सरकेल, मग आणखी एक, होईल तिचं हळूहळू काहीतरी. त्याने पिल्लाला पंजात धरलं आणि जीव तोडून उडाला. वाटेत त्याने त्याला एक किडा भरवला. पिल्लाने आऽ करून चोच उघडली आणि मग त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू हाच त्याचा बाप.

उगवतीच्या टेकडीखाली हरणांचा कळप निघायच्या तयारीत होता. पाडसं उड्या मारत होती. हैबतीने पिल्लू शेंड्यावर, नव्या तुडुंबीच्या शेजारी ठेवलं.

"पाणी नाही," पिल्लू म्हणालं. "चिखलात शिंगं आहेत."

"तळं काठावरून वाहतंय!" शेजारची म्हणाली. "पाडसं पाण्यात नाचतायत!"

हरणं थबकली. थोरल्या करकोच्याला बोलावणं गेलं. तो आला, एका पायावर उभा राहिला आणि दोघींचं दोनदा ऐकून घेतलं.

"एका शेंड्यावर दोन आज असू शकत नाहीत," तो म्हणाला. "यातली एक नासलेली आहे, तिला खडा बसवा. रीत बघितली तर हे एकटं आहे आणि ती तीन टेकड्यांवर आहे. पण हैबती, तू तळ्यावरून आलास. तुझ्या सात पिढ्यांत कुणाचा शब्द खाली पडलेला नाही. तू सांग कोण खरं ते. ‘वाहतंय’ म्हणणारी ती जुनी असेल तर तसं सांग. मग मात्र बघावं लागेल, की ती मागे राहिली कशी आणि पल्याडला खडे कुणी नेले होते."

हरणं हैबतीकडे पाहत होती. म्हातारं काळवीट पुढे आलं. "बोल रे बाबा. पोरं तहानलीयत. तू जे सांगशील ते."

खाली बुंध्याशी ठेवणीतल्या पांढऱ्या खड्यांची रास होती. हैबतीने एक खडा उचलला आणि वर आला. शेंड्यावर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. चोचीत काहीतरी आणलेलं पाहून दोघींनी आऽ केलं. या नव्या तुडुंबीचा आवाज शेजारून येत होता, आणि तोच आवाज दूर पल्याडून त्या दुसरीचाही येत होता, त्याच्या स्वतःच्या तुडुंबीचा. या क्षणी ती कुणाला तरी विचारत असेल, मी आजचीच ना. आणि पिल्लाच्या चोचीला अजून मघाचा किडा चिकटलेला होता.

हात बसलेला होता. खडा आत गेला, तेव्हा कुणाला आवाजही आला नाही.

"बरं झालं," करकोचा म्हणाला. "तुझ्यावर भरवसा होता."

खाली हरणं माळाला लागली. पाडसं सगळ्यांत पुढे. शेंड्यावरून तुडुंबी त्यांना हाका मारत होती, "या रे, सगळे या!" पिल्लाने चोच दोनदा उघडली, दोनदा मिटली. मग जवळ सरकून हैबतीकडे तोंड केलं आणि पुढच्या घासासाठी पुन्हा आऽ करून बसलं.